मुलगा माळ घालतो म्हणतो तेव्हा

प्रश्न एका आईचा आहे आणि तो थोडक्यात असा : "आमचा मुलगा २५ वर्षांचा आहे. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. गेल्या वर्षी मित्रांबरोबर आळंदीहून पुण्यापर्यंत पालखीसोबत चालला आणि तेव्हापासून बदलला. पहाटे उठून हरिपाठ म्हणतो, एकादशी धरतो, मासे-मटण सोडले आहे. आम्ही मालवणकडचे, रविवारी घरात मासळी नाही असे आमच्याकडे होत नाही. यंदा तो पूर्ण वारी करणार आणि तुळशीची माळ घालणार म्हणतो. लग्नाचा विषय काढला की उठून जातो. व्यसनाला लागला असता तर काय करायचे ते तरी कळले असते. या वयात हे वेड कशाने लागते? ते खरे की चार दिवसांचे, हे कसे ओळखावे? आणि आम्ही काय करावे?"

ताई, मी पेशाने मराठीचा शिक्षक. आता निवृत्त आहे. तरुणपणी आळंदीला राहून ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकलो, कीर्तन करतो, आणि आळंदी ते पंढरपूर पायी वारीची माझी तेहतीस वर्षे झाली. त्यांपैकी अठरा वर्षे एका दिंडीची व्यवस्था माझ्याकडे आहे, म्हणजे नावनोंदणी, भिशी (दिंडीच्या खर्चासाठी प्रत्येकाने द्यायची वर्गणी), तंबू, स्वयंपाकाचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि रात्री कोणी हरवला तर त्याचा शोध, ही सगळी कामे. मी मानसशास्त्रज्ञ नाही. जे सांगतो ते या वाटेवर भेटलेल्या मुलामुलींकडे पाहून सांगतो, आणि तेवढ्यापुरतेच ते घ्यावे.

आधी वयाचे बोलू, कारण तुमच्या पत्रात "या वयात" हे शब्द मला अधिक बोचरे वाटले. आपल्याकडे देवधर्म म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावरचे काम, अशी एक समजूत मध्यमवर्गीय घरांत पक्की बसली आहे. ती या वारकरी संप्रदायाच्या इतिहासाशी अजिबात जुळत नाही. परंपरेने मानलेल्या सनावळीप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा, ज्ञानेश्वरी १२९० ची आणि आळंदीची समाधी १२९६ ची. म्हणजे आज ज्या वयात मुले दहावीचे क्लास लावतात, त्या वयात नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगून झाला होता. निवृत्तिनाथ त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. सोपानदेव आणि मुक्ताबाई धाकटी. त्या मुक्ताबाईला वयोवृद्ध चांगदेवांनी गुरू केले. ही चार भावंडे आज असती तर त्यांचीही रवानगी आपण समुपदेशकाकडे केली असती की काय, असे कधीकधी मनात येते. तेव्हा पंचविशीत ओढ लागली यात विपरीत काही नाही. ती ओढ त्याला कुठे नेते आहे, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि उत्तराचा बराचसा भाग मी त्यालाच देणार आहे.

तरुण मंडळी वाढली आहेत, हे खरे आहे. आमच्या दिंडीच्या जुन्या वह्या पाहिल्या तर पंचवीस वर्षांच्या आतली नावे हाताच्या बोटांवर मोजता येत, आणि तीही बहुधा एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या नातवाची, पिशवी उचलायला म्हणून आलेल्याची असत. आता जेवणाची एक सबंध पंगत त्यांची होते. यातला मोठा बदल मला २०२२ नंतर दिसला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही; पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि आम्ही घरात बसून टीव्हीवर ते पाहिले. त्या दोन वर्षांत आमच्या दिंडीतले अनेक जुने टाळकरी गेले. २०२२ साली ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान झाले तेव्हा रांगेत रिकाम्या जागा दिसतील म्हणून मी मनाची तयारी करून गेलो होतो. जागा भरलेल्या होत्या. गेलेल्यांचे टाळ नातवंडांच्या हातांत होते, आणि त्यांच्या मागे नातवंडांचे मित्र होते, ज्यांच्या घरात कोणीही कधी वारी केलेली नव्हती.

ही मुले का येतात, याची बरीच कारणे ऐकायला मिळतात आणि त्यांतली काही उथळ आहेत, हे मी लपवणार नाही. अभंगांच्या नव्या चाली मोबाईलवर ऐकून कोणी येतो, दिवे घाटातल्या गर्दीचे वरून काढलेले चित्रण पाहून कोणी येतो, मैत्रिणीने फोटो टाकला म्हणून कोणी येते. याला मी नावे ठेवत नाही. आमच्या पिढीतले किती जण जेवण चांगले मिळते म्हणून सप्ताहाला जात होतो! माणूस कोणत्या दाराने आत आला याला फार महत्त्व नसते.

मात्र दोन-तीन मुक्काम झाले, पाय सुजले, की रात्री तंबूत जे बोलणे निघते ते वेगळे असते. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन सहा वर्षे स्पर्धा परीक्षा देणारा एक मुलगा आमच्याकडे होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला आणि राहिला. तो मला म्हणाला, "बाबा, सहा वर्षांत भेटलेल्या प्रत्येक माणसाने मला पहिला प्रश्न निकालाचा विचारला. इथे पाच दिवस झाले, कोणी विचारलेला नाही. मला सगळे नुसते माउली म्हणतात." ताई, मी त्या मुलाला आठवूनच हे उत्तर लिहितो आहे. वारीत ओळखीचा असो वा नसो, लहान असो वा मोठा, प्रत्येकाला "माउली" म्हणतात; समोरचा पाया पडला तर आपणही वाकून त्याच्या पाया पडायचे, अशी रीत आहे. आमच्यासारख्यांना ती सवयीने दिसेनाशी झाली आहे. ज्याला सकाळ-संध्याकाळ गुण, पगार, पॅकेज आणि बढती यांवरून तोलले जाते, त्याच्यावर मात्र तिचा परिणाम औषधासारखा होतो. ही मुले देव शोधायला येतात असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जिथे आपला निकाल कोणी मागत नाही अशी जागा शोधत येतात, आणि त्या जागेत देवाचे नाव चालू असते म्हणून तेही घेऊ लागतात. पुढे काहींच्या बाबतीत ते नावच मुख्य होते.

दुसरे कारण एकटेपणाचे आहे. तुमचा मुलगा घरी राहतो, पण त्याच्याबरोबरची बरीच मुले लातूर, बीड, जळगाव, अमरावतीकडून आलेली असतात. एका सदनिकेत चौघे राहतात, चौघांच्या पाळ्या वेगळ्या, एकमेकांचे तोंड रविवारी दिसते. गावाकडे संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ होत असे, तिथे जाणे भक्तीचे होते तितकेच भेटीगाठींचेही होते. शहरात त्याच्या जागी काहीच आले नाही. मग दिंडीत चार माणसांच्या मध्ये टाळ घेऊन उभे राहिल्यावर, आपला आवाज शंभर आवाजांत मिसळल्यावर, त्यांना जे वाटते त्याला ती "शांती" म्हणतात. मी त्याला सोबत म्हणतो. दोन्ही शब्द चुकीचे नाहीत.

तिसरे, आजोबा. ही गोष्ट तुमच्या घरी लागू होईल असे वाटत नाही, तरी सांगतो, कारण ती फार दिसते. आजोबा वारकरी होते, वडील नोकरीसाठी शहरात आले आणि वारी मोडली, आणि आता नातू घरातल्या कपाटात सापडलेली आजोबांची वीणा किंवा टाळ घेऊन येतो. अशा मुलांच्या घरी बहुधा वडील नाराज असतात, आणि त्या नाराजीत आपल्या हातून काही सुटल्याची थोडी खंतही असते.

आता वारीत प्रत्यक्ष काय होते ते सांगतो, कारण तुमच्या मनात जे चित्र आहे त्यात मुलगा डोळे मिटून तंद्रीत बसलेला असावा. असे काही नसते. पहाटे तीन वाजता उठावे लागते. पाण्याच्या टँकरसमोर रांग असते. अंथरूण गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचे, पालखी हलण्याच्या आत दिंडीत आपल्या जागी उभे राहायचे, आणि मग दिवसभर भजन म्हणत चालायचे. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर होतात. पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरांच्या आसपास, मधे दिवे घाट, आणि तो दिवस एकादशीचा, त्यामुळे पोटात साबुदाणा. संध्याकाळी तळावर पोहोचल्यावर राहुट्या उभारायच्या, आणि नव्या मुलाच्या वाट्याला पहिल्या वर्षी भांडी येतात. संगणकावर काम करणाऱ्या ज्या मुलाने घरी चहाचा कपही विसळलेला नसतो, तो मोठाली पातेली राखेने घासतो. त्याच्या आईला फोटो पाठवू नका असे तो मला हात जोडून सांगतो, कारण मग घरीही घासावी लागतील!

आणि शिस्त म्हणाल तर ती अशी : रोज मुक्कामावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या असतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार आपला चांदीचा चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि त्या क्षणी सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचे, अशी पद्धत आहे. मग चोपदार त्या दिंडीजवळ जातात, तक्रार ऐकतात, तिचे निवारण होते, आणि तेव्हा ते टाळही शांत होतात. त्यानंतर हरवले-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते : कोणाचे पाकीट, कोणाचा चष्मा, कोणाची कवळी. मग आरती. माझ्याबरोबर आलेल्या एका अभियंता मुलीला हा प्रकार इतका आवडला की, आमच्या कचेरीतल्या बैठकीत तक्रार असलेलाच सर्वांत शांत बसतो, असे ती म्हणाली. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला घालून दिलेली घडी अजून चालते आहे. तुकोबांच्या पालखीची सुरुवात तर त्याहून जुनी, त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये केलेली. या शिस्तीत पंधरा-अठरा दिवस राहिलेला मुलगा घरी आल्यावर आळशी झाला, अशी तक्रार अजून माझ्याकडे आलेली नाही.

"खरे की चार दिवसांचे" या तुमच्या प्रश्नावर माझे मत थोडे कठोर आहे. आमच्यात काही जणांना आम्ही थट्टेने घाटापुरते वारकरी म्हणतो. ते घाट चढून वर येतात, फोटो काढतात आणि तिथूनच गाडीने परततात. तुमचा मुलगा त्यांतला नाही, कारण तो एक वर्षभर पहाटे उठतो आहे. वारीतला उत्साह हा कसोटीला लावण्याचा पदार्थच नव्हे. लाखभर माणसे एका सुरात गात असताना कोणाच्याही अंगावर काटा येतो. भाद्रपदात एखाद्या मंगळवारी, कचेरीतून रात्री दहाला परतल्यावर, एकट्याने खोलीत बसून हरिपाठ म्हणावासा वाटत नसताना जो म्हणतो, त्याच्याविषयी काही बोलता येईल. आमच्या भाषेत याला नेम म्हणतात. तरुणांना आज अनुभव हवा असतो आणि तो त्यांना सगळीकडे विकत मिळतो. डोंगरातल्या शिबिरात, संगीताच्या मैफलीत, दोन दिवसांच्या मौनव्रतात. नेम विकत मिळत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग म्हणायला अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास वर्षभर टिकवणे, हे एकदा पंढरपूरला चालत जाण्यापेक्षा अवघड आहे, हे मी स्वतःच्या चुकांवरून सांगतो.

माझ्या पाहण्यात वारी करून गेलेल्या तरुणांपैकी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येईनासे होतात. लग्न होते, परदेशी नोकरी लागते, कंटाळा येतो. यांना मी ढोंगी मानत नाही. त्यांना त्या काळात जे हवे होते ते मिळाले आणि ते पुढे गेले. तसे झाले तर तुम्हीही "बघ, म्हटले नव्हते का" असे म्हणू नका. त्या एका वाक्याने मुलगा घरापासून जितका दूर जातो तितका माळेने जात नाही.

माळेविषयी. तुळशीची १०८ मण्यांची माळ संप्रदायातल्या एखाद्या अधिकारी माणसाच्या हातून घातली जाते आणि तिच्याबरोबर काही बंधने येतात : मद्य-मांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, नित्य हरिपाठ, वर्षाकाठी पंढरीची वारी, परस्त्री मातेसमान, खोटे बोलू नये. मुले पहिली दोन बंधने मोजतात आणि शेवटची दोन त्यांना आठवतही नाहीत, म्हणून मी मुद्दाम आठवण करून देतो. पहिल्या वारीच्या भरात माळ घालायला माझा विरोध असतो. पंढरपुरात कळस दिसल्यावर डोळे भरून येतात आणि त्या क्षणी माणूस काहीही कबूल करतो. पुढे कचेरीतल्या पार्टीत माळ खिशात जाते, मग ड्रॉवरमध्ये जाते, आणि त्या ओशाळलेपणापायी तो दिंडीतही यायचा थांबतो. अशी चार-पाच चांगली मुले आम्ही घाईने माळ घालून गमावली, आणि त्यांतल्या दोघांना मीच घाई केली होती.

लग्नाच्या प्रश्नाला तर संप्रदायाने अगदी सडेतोड उत्तर देऊन ठेवले आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यास घेऊन बसले. ते विवाहित आहेत हे गुरूंना कळताच गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवले. पुढे संन्याशाची मुले म्हणून त्या चार भावंडांना गावाने वाळीत टाकले, मुंज नाकारली. संसार टाकून देव शोधण्याची किंमत कोण मोजते, हे या संप्रदायाला आपल्या पहिल्याच घरात कळले. त्यामुळे ही वाट गृहस्थांची राहिली : नामदेव, एकनाथ, तुकाराम सगळे बायकामुलांचे. आणि विठोबा विटेवर उभा का आहे, तर पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता आणि त्याने देवाला थांबायला सांगितले म्हणून. तुमचा मुलगा लग्नाचे बोलणे टाळतो त्याचे कारण मला ठाऊक नाही; कदाचित त्याच्या मनात कोणी असेल, कदाचित नोकरीची शाश्वती वाटत नसेल, कदाचित त्याला लग्न करायचेच नसेल. ते त्याला सरळ विचारा. पण "मी आता माउलींचा झालो, मला लग्न नको" असे तो म्हणाला, तर माउलींच्या घरचा हा इतिहास त्याला ऐकवा, आणि माझ्याकडे पाठवा.

जिथे सावध व्हायला हवे ती ठिकाणे वेगळी आहेत. कोणी एक महाराज "आईवडिलांना यातले कळत नाही, त्यांना सांगू नकोस" असे म्हणत असेल. पगारातला हिस्सा, सोने किंवा कर्ज काढून देणगी मागत असेल. डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगत असेल. नोकरी सोडून सेवेला ये म्हणत असेल. एकट्या मुलीला भेटायला बोलावत असेल. तर तिथून मुलाला बाहेर काढायला एक दिवसही थांबू नका. भोंदूंवर तुकोबांनी इतके अभंग लिहिले आहेत की, भोंदूंवर संशय घेणे हा वारकऱ्याचा धर्मच समजावा. चमत्काराचा दावा करून फसवणे किंवा कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून गंडेदोरे बांधणे यांवर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या कायद्याने वारी आणि कीर्तन बंद होईल अशी आवई आमच्यातल्याच काहींनी उठवली होती. कीर्तन, प्रवचन, यात्रा यांना त्याने हात लावलेला नाही, आणि आमची दिंडी दरवर्षी जाते आहे.

आणखी एक खूण सांगतो. मुलाच्या नव्या भक्तीबरोबर कोणाचा तरी द्वेष घरात आला आहे का, ते पाहा. हल्ली तरुणांना टाळ देण्याच्या निमित्ताने राग देणारी माणसेही वाटेवर भेटतात. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो आणि तिथे आरती होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे याच संप्रदायाचे संत. हे ज्याला माहीत नाही, त्याने अजून वारी पाहिली नाही असे मी समजतो.

एक अनुभव मात्र गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याबरोबर चालत होता. लोणंदच्या पुढे तो झोपेनासा झाला. तीन रात्री अखंड बोलत होता, माउली आपल्याशी थेट बोलतात म्हणत होता, जवळचे सगळे पैसे वाटून टाकले. दिंडीतल्या काहींना तो साक्षात्कार वाटला आणि ते त्याच्या पाया पडू लागले. मला तसे वाटले नाही. वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे त्याला नेले, घरच्यांना बोलावले, पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार झाले. आज तो गोळ्याही घेतो आणि वारीलाही येतो, आणि दोन्हींची वेळ चुकवत नाही. भजनात रमलेला माणूस भुकेला जेवतो, थकून झोपतो, हाक मारली की ओ देतो. झोप उडणे, जेवण सुटणे, माणसे नकोशी होणे, सारखे अपराधी वाटणे किंवा आपण कोणी विशेष निवडलेले आहोत असे वाटू लागणे, यांतले काही दिसले तर कीर्तनकाराकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आमच्या घरातले दोषही सांगितले पाहिजेत, कारण मुले ते विचारतात आणि त्यांना गोड उत्तर दिलेले चालत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे समान असे आम्ही म्हणत आलो, पण पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि ती बाहेर का, असे एका मुलीने मला विचारले तेव्हा मी अभंग म्हणून वेळ मारून नेली नाही, गप्प राहिलो. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये असे तुकोबा सांगून गेले, आणि आज काही कीर्तनांच्या बिदाग्यांचे आकडे ऐकून मान खाली जाते. पाळीच्या दिवसांत चालावे का, हा प्रश्न मुली पूर्वी माझ्या पत्नीला कुजबुजत विचारत. आता मला सरळ विचारतात. माझे उत्तर असते की चालावे, आणि थकवा आला तर ट्रकमध्ये बसावे, जसे माझ्यासारखा म्हातारा बसतो. या प्रश्नांमुळे परंपरेला धोका आहे असे आमच्यातल्या काही ज्येष्ठांना वाटते. मला उलट वाटते. ज्या मुलांना प्रश्न पडत नाहीत, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आता तुमच्या स्वयंपाकघराचे. मुलाने मासे सोडले, घराने सोडलेले नाहीत. माळ त्याच्या गळ्यात पडणार आहे, तुमच्या कालवणाच्या टोपाला नव्हे. तुम्ही अपराधी वाटून घेऊन बांगडे बंद करू नका, आणि वेगळी भाजी करण्याचे कामही अंगावर घेऊ नका; ती त्याने स्वतः करावी. दिंडीत शिकेलच. घरच्यांच्या ताटाकडे पाहून त्याने नाक मुरडले किंवा वडिलांना पाप-पुण्य सांगितले, तर ते मात्र तिथल्या तिथे थांबवा. आमच्याकडे एक मुलगा असा घरी भांडून आला होता. मी त्याला सासवडहून परत पाठवले, घरच्यांबरोबर पंगतीला बसून वरणभात खा आणि मग जेजुरीला येऊन मिळ, असे सांगून. आला. येताना आईने दिलेला चिवड्याचा मोठा डबा घेऊन आला, तो आम्ही सगळ्यांनी संपवला.

यंदा त्याला पूर्ण वारी करू द्या, रजा मिळत असेल तर. रजा मिळत नसताना नोकरीवर पाणी सोडून येत असेल तर येऊ देऊ नका. जितके दिवस मिळतील तितकेच टप्पे चालावे, पंढरपूर कुठे जात नाही. आतापासून रोज सात-आठ किलोमीटर चालायची सवय करावी, नवे बूट घेऊन येऊ नये, पायाला लावायला खोबरेल आणि सुईदोरा असावा, घोंगडी नसली तरी जाड प्लास्टिकचा कागद हवाच. आणि तुम्ही दोघे एक टप्पा त्याच्याबरोबर चाला. सासवड ते जेजुरी हा सोपा आहे, सोळा-एक किलोमीटरांचा, आणि जेजुरी जवळ आली की भंडारा उधळलेला दिसतो. आपला मुलगा कोणत्या माणसांत आहे, ते तुम्हाला तिथे चार तासांत कळेल. माझ्या या लांबलचक उत्तरातून ते कळणार नाही.

पंढरपूरहून तो द्वादशीला एसटीने घरी येईल. त्यानंतर चातुर्मासभर त्याला काही विचारू नका, फक्त पाहा. मध्ये गणपती येतील, दिवाळी येईल, कंपनीची धावपळ येईल. आषाढी धरून कार्तिक वद्य एकादशीपर्यंत दहा एकादशी होतात. त्या दहाव्या एकादशीला आळंदीला माउलींच्या समाधी सोहळ्याची यात्रा भरते आणि मी तिथे असतो. तोपर्यंत त्याचा नेम टिकला आणि तरीही त्याला माळ हवी असली, तर त्या दिवशी त्याला घेऊन या. एकट्याला पाठवू नका. आईवडील समोर असल्याशिवाय मी कोणाच्या गळ्यात माळ घालत नाही.